ग्रीक योद्ध्याचा तुरा आणि ढालीवरची निशाणी घरी कशी करायची, अगदी पहिल्यापासून

आमच्या नाटकाच्या ग्रुपने मागे प्राचीन ग्रीक नाटककार एस्किलसच्या, थीब्ज शहरावरच्या हल्ल्याच्या नाटकातला एक प्रवेश बसवायला घेतला, तोच ज्यात हेर येऊन सात दरवाज्यांवरच्या सात वीरांच्या ढाली एकेक करून सांगतो, आणि ढाली नि शिरस्त्राणं करायचं काम माझ्याकडे आलं. तेव्हापासून या विषयाने मला जे धरलंय ते सोडलेलं नाही. सहा ढाली आणि चार तुरे करताना जे कळलं, जे चुकलं आणि जे परत करावं लागलं ते सगळं इथे लिहितोय. नाटकासाठी, शाळेच्या गॅदरिंगसाठी किंवा नुसतं भिंतीवर लावायला कुणाला करायचं असेल तर उपयोगी पडेल.

सुरुवात सामानापासून करू नका, चित्रापासून करा. नेटवर सर्च केलं की पहिल्या पानभर लाल तुरा आणि ढालीवर उलटा व्ही एवढंच दिसतं, आणि मग सगळे तेच करतात. तो उलटा व्ही म्हणजे लॅम्डा, लॅकेडेमॉन म्हणजे स्पार्टाचं पहिलं अक्षर. पण त्याचा जो जुना उल्लेख आपल्याकडे आहे तो अथेन्सच्या युपोलिस नावाच्या विनोदी नाटककाराचा, म्हणजे अथेन्स आणि स्पार्टामधल्या पेलोपोनेशियन युद्धाच्या काळातला, आणि थर्मोपिलीची लढाई झाली इ.स.पू. ४८० ला, त्याच्या निदान पन्नासेक वर्षं आधी. त्यामुळे थर्मोपिलीला लढलेला स्पार्टाचा राजा लिओनिडास याच्या हातात लॅम्डा देताना आपण दोन पिढ्यांची सरमिसळ करतोय हे माहीत असावं. नुसतं "ग्रीक" असं काही नसतं, कुठला काळ आणि कुठलं गाव हे आधी ठरवायचं आणि त्या काळातलं एकच भांडं किंवा एकच शिल्प समोर ठेवून त्यावरूनच सगळं करायचं. तुरा एकीकडचा आणि ढाल दुसरीकडची घेतली की कितीही मेहनत केली तरी ते फॅन्सी ड्रेसच दिसतं.

काळाचा अंदाज ढोबळमानाने असा धरा. इ.स.पू. ७०० च्या आसपास अर्गोसच्या थडग्यात सापडलेलं शिरस्त्राण आहे, टोकदार डोक्याचं आणि वर घोड्याच्या नालासारखी तुऱ्याची बैठक असलेलं, बघायला जबरदस्त पण करायला कठीण. त्याच सुमारास कोरिंथियन शिरस्त्राण आलं, अख्खं एका पत्र्यातून ठोकून काढलेलं, फक्त डोळे आणि तोंडाची फट उघडी, हे पुढे दोनशे वर्षं तरी चाललं. इलिरियन पद्धतीचं तोंडाकडे मोकळं असतं आणि डोक्यावर पुढून मागे दोन समांतर उंचवटे असतात, त्यांच्या मधल्या पन्हळीत तुरा बसायचा. आणि इ.स.पू. ४२५ च्या पुढे पिलोस म्हणजे साधी शंकूसारखी टोपी दिसायला लागते, तिला बहुतेक वेळा तुराच नसतो. पहिल्यांदाच करणार असाल तर इ.स.पू. ५५० ते ४५० मधलं कोरिंथियन घ्या, भांड्यांवरची चित्रं त्या काळातली भरपूर आहेत.

माझा स्वतःचा आधार होता चिगी भांडं, इ.स.पू. ६५० ते ६४० च्या दरम्यानचं, रोमच्या व्हिला जुलिया म्युझियममध्ये आहे, फोटो सहज मिळतात. ते जेमतेम वीतभर उंचीचं आहे आणि त्यावर समोरासमोर भिडणाऱ्या दोन रांगा रंगवल्यात, मध्ये एक पोरगा बासरीसारखं दुहेरी वाद्य वाजवतोय. करणाऱ्याच्या दृष्टीने यातली खरी गंमत ही की डावीकडच्या सैनिकांच्या ढाली आतून दिसतात, म्हणजे हात कुठे घातलाय, मूठ कुठे धरलीय ते कळतं, आणि उजवीकडच्यांच्या बाहेरून दिसतात, म्हणजे निशाण्या कळतात: उडणारा पक्षी, बैलाचं डोकं, गॉर्गन नावाच्या राक्षसिणीचं तोंड. एकाच चित्रात दोन्ही बाजू मिळतात आणि प्रत्येकाची निशाणी वेगळी आहे हेही तिथेच दिसतं.

आता ढाल. हिला अस्पिस म्हणतात, गोल, परातीसारखी खोलगट, भोवती सपाट काठ. खरी ढाल लाकडाची, त्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा काशाचा पत्रा, आतून चामडं, व्यास साधारण ८० ते १०० सेंमी आणि वजन ६ ते ८ किलो. एवढं वजन घेऊन नट दहा मिनिटं उभा राहू शकत नाही, म्हणून मी बुरुडाकडे गेलो आणि घट्ट विणीची उथळ पाटी करून घेतली. हे काही आपलं देशी जुगाड नाही बरं का. इ.स.पू. ४०३ मध्ये अथेन्सचे लोकशाहीवादी पिरेयस बंदरात अडकून लढत होते तेव्हा हत्यारं नव्हती म्हणून त्यांनी कुणी लाकडाच्या, कुणी वेताच्या विणलेल्या ढाली केल्या आणि वर पांढरा रंग दिला असं ग्रीक इतिहासकार झेनोफोनने लिहून ठेवलंय. ते वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं, आपली पाटीची ढाल एकदम खरी वाटायला लागली.

माप ज्याचं त्याचं घ्यायचं, कारण कोपर ढालीच्या मध्यावर येतं आणि मूठ काठाशी. कोपराच्या आतल्या घडीपासून बंद मुठीपर्यंत टेप लावा, त्यात ३ सेंमी मिळवा, ती झाली आतली त्रिज्या. समजा ३५ आलं तर ३८, म्हणजे पाटीचं तोंड ७६ सेंमी, खोली १० सेंमी पुरे. काठ पाटीला नसतो तो वेगळा करायचा, साडेचार सेंमी रुंदीची गोल कडी, ३ मिमी प्लायची किंवा जाड पुठ्ठ्याचे दोन थर चिकटवून, आणि ती पाटीच्या तोंडावर सुतळीने टाके घालून बांधायची. असं मिळून ८५ सेंमी होतं, अगदी खऱ्या मापात.

पुढची पायरी हात घालायची पट्टी आणि मूठ, आणि ही रंगाच्या आधी, कागदाच्याही आधी करायची. मी पहिल्या ढालीला हे शेवटी केलं. कोंबडा इतका छान रंगवला होता, तुरा, शेपटीचं एकेक पीस, आणि मग आतून पट्टी बसवली, नटाने ढाल उचलली तर कोंबडा चोच खाली करून जमिनीकडे बघत होता. हात आडवा धरल्यावर ढाल ज्या कोनात राहते तीच तिची "वरची बाजू", ती आपण ठरवत नाही, पट्टी ठरवते. तो कोंबडा अख्खा खरवडून परत काढावा लागला.

तर पाटीच्या मध्यावर आतून प्लायचा एक हातभर तुकडा ठेवा, त्यावर पट्टी. ग्रीक लोक याला पोर्पॅक्स म्हणायचे, काशाची रुंद कमान असायची. मी ११० मिमीच्या पीव्हीसी पाइपचा ७ सेंमी रुंद तुकडा उभा अर्धा चिरला, हीट गनने दोन्ही टोकं बाहेर वाकवली आणि चार बोल्ट पाटीच्या आरपार घेतले, बाहेरून मोठे वॉशर. आतून फोम लावा नाहीतर हात सोलतो. मूठ म्हणजे अँटिलाबे, ती जाड सुती दोरीची, काठाजवळ दोन भोकांतून घेऊन गाठ मारायची. आता ढाल घालून आरशासमोर उभं राहा, हात छातीसमोर आडवा, आणि दुसऱ्या कुणाला तरी बाहेरून वरच्या टोकाला खडूने खूण करायला सांगा. ती खूण शेवटपर्यंत पुसू द्यायची नाही.

मग कागद. मैद्याची खळ करा, एक वाटी मैद्याला चार-पाच वाट्या पाणी, ढवळत शिजवायची, गार झाली की वापरायची. बाइंडिंगवाले खळीत चिमूटभर मोरचूद टाकतात म्हणजे झुरळं आणि वाळवी लागत नाही, पण ते विषारी आहे, ग्लोव्हज घालूनच काम करा आणि लहान मुलं मदतीला असतील तर टाकूच नका. पेपरच्या तीन बोटं रुंद पट्ट्या, एक थर आडवा, दुसरा उभा, प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावरच पुढचा, असे सहा थर बाहेरून आणि दोन आतून. घाई केली तर आत ओल राहते आणि आठवड्याने वास यायला लागतो. शेवटी खडूची पावडर आणि फेविकॉल एकत्र करून पातळ लेप द्या, वाळला की पॉलिश पेपर मारा. पांढरीशुभ्र ढाल तयार, पिरेयसवाल्यांची अशीच असणार.

काशाचा रंग सगळ्यांचा चुकतो. म्युझियममधली हिरवट काळपट शिरस्त्राणं बघून लोक तोच रंग देतात, पण तो दोन-अडीच हजार वर्षं जमिनीत राहिल्याचा परिणाम आहे. नवीन घासलेलं कासं झगझगीत पिवळं असतं. घरात पाय घासायची काशाची वाटी असेल तर चिंचेने घासून शेजारी ठेवा आणि तिच्याकडे बघत रंग कालवा, फक्त किंचित तांबूस करा, कारण आपल्या काशात कथिल जास्त असतं, साधारण बावीस टक्के, आणि ग्रीक शिरस्त्राणांच्या काशात दहाच्या आसपास. मी गोल्ड स्प्रेवर कॉपरचा हलका हात मारला, काठाला तेवढंच ठेवलं आणि त्यावर दोऱ्याच्या पिळासारखी नक्षी काढली, ऑलिंपियाला सापडलेल्या खऱ्या काठांवर अशीच आहे.

आता निशाणी, ग्रीकमध्ये एपिसेमा. यात मला सगळ्यात जास्त जीव आहे. बराच काळ हे चिन्ह गावाचं नव्हतं, माणसाचं होतं. डिकेलियाच्या सोफानेसच्या ढालीवर नांगर होता, जहाजाचा, इतिहासकार हेरोडोटसने सांगितलंय, आणि त्यानेच दुसरीही कथा दिलीय की सोफानेस खराखुरा लोखंडी नांगर चिलखताला साखळीने बांधायचा आणि शत्रू जवळ आला की जमिनीत टाकून तिथेच ठाम उभा राहायचा. अथेन्सचा सेनापती अल्किबायडीज याने सोनेरी ढालीवर पूर्वजांचं चिन्ह न घेता हातात वज्र घेतलेला इरॉस काढला, म्हणजे मदनच म्हणा ना, आणि अथेन्सच्या जुन्या लोकांना ते अजिबात रुचलं नाही असं चरित्रकार प्लुटार्क म्हणतो. त्यानेच एका स्पार्टनची गोष्ट दिलीय, ढालीवर फक्त एक माशी, तीही खऱ्या माशीएवढी. लोक हसले, म्हणाले दिसू नये म्हणून काढलीस का, तर तो म्हणाला, मी शत्रूच्या इतका जवळ जातो की त्याला ती आहे तेवढी दिसते. आणि थीब्जच्या नाटकात एकाच्या ढालीवर मशाल घेतलेला उघडा माणूस आणि सोनेरी अक्षरात "शहर जाळीन", दुसऱ्याच्या ढालीवर ताऱ्यांनी भरलेलं आकाश आणि मध्ये पूर्ण चंद्र, आणि अँफिअरॉसच्या ढालीवर काहीच नाही, कारण त्याला श्रेष्ठ दिसायचं नाहीये, श्रेष्ठ असायचंय. आमच्या प्रयोगात ती कोरी ढाल स्टेजवर आली की हॉल शांत व्हायचा, माझ्या सगळ्या रंगकामापेक्षा तिचा परिणाम जास्त झाला.

गावाची अक्षरं आणि चिन्हं हवीच असतील तर काळ नंतरचा घ्या. सिक्यॉन गावाचा सिग्मा, म्हणजे ग्रीक 'स', पक्का आहे: इ.स.पू. ३९२ मध्ये कोरिंथजवळ पासिमाकोस नावाच्या स्पार्टन घोडदळाच्या अधिकाऱ्याने पळणाऱ्या सिक्यॉनवाल्यांच्या ढाली उचलल्या आणि ही सिग्मा तुम्हाला फसवतील असं म्हणत अर्गोसवाल्यांवर चालून गेला, त्यातच तो मारला गेला. थीब्जची गदा, हेराक्लीसची, तीही पक्की, कारण इ.स.पू. ३६२ मध्ये मँटिनियाच्या लढाईआधी अर्केडियाच्या सैनिकांनी आपण जणू थीब्जचेच म्हणून ढालींवर गदा रंगवून घेतल्या. स्पार्टन करायचाच असेल तर मी म्हणेन चकचकीत काशाची ढाल आणि लाल वस्त्र ठेवा, झेनोफोनने तेवढंच सांगितलंय आणि स्टेजवर ते फार देखणं दिसतं.

पहिल्या वेळी काय काढायचं विचाराल तर बैलाचं डोकं, तीन पायांचं चक्र, विंचू किंवा डॉल्फिन, कारण हे सपाट छायेत ओळखू येतात. गॉर्गन मोह घालते, वटारलेले डोळे, बाहेर आलेली जीभ, सुळे, साप, आपल्या देवळाच्या उंबऱ्यावरचं कीर्तिमुख आठवतंच, बघणाऱ्याला धडकी भरावी हाच हेतू, पण ती दुसऱ्या-तिसऱ्या ढालीला घ्या.

काढायची पद्धत अशी. मध्यावर खिळा, त्याला सुतळी, सुतळीला पेन्सिल, आणि काठापासून चार बोटं आत एक वर्तुळ, निशाणी त्याच्या आतच. कागदावर पूर्ण मापाचं चित्र काढून कापा, पण ढाल फुगीर आहे म्हणून सपाट कागद बसत नाही, चुण्या पडतात, त्यासाठी कडेने आठ-दहा चिरा द्या, ब्लाउजला टक्स घालतात तसं, म्हणजे तो अंगाला बसतो. खडूची खूण आणि चित्राचं डोकं एका रेषेत आणा, मास्किंग टेपने चिकटवा, कडेने पेन्सिल फिरवा. मग पंधरा-वीस पावलं लांब जाऊन बघा, लांबून ओळखू येत नसेल तर रंगवायला घेऊच नका, आकार जाड करा.

रंगांबद्दल एक महत्त्वाचं, भांड्यावरचे रंग ढालीचे रंग नाहीत. काळ्या आकृत्यांच्या भांड्यांवर निशाण्या बहुतेक पांढऱ्या दिसतात आणि लाल आकृत्यांच्या भांड्यांवर काळ्या, ते कुंभाराच्या तंत्रामुळे. खरे रंग बघायचे तर थेस्सलोनिकीजवळ अगिओस अथानासिओसचं थडगं बघा, इ.स.पू. चौथ्या शतकाच्या शेवटाचं, दाराच्या दोन्ही बाजूंना दोन मोठ्या ढाली रंगवल्यात, एकीवर गॉर्गन, दुसरीवर वज्र. मी गेरूचा लाल, काजळीचा काळा, पांढरा आणि एक निळा एवढ्यावरच थांबलो, सपाट रंग, शेडिंग अजिबात नाही.

आता तुरा, म्हणजे लोफोस. खरा घोड्याच्या केसांचा. कवी आल्कायस शस्त्रांनी भरलेल्या घराचं वर्णन करतो त्यात पांढरे तुरे आहेत, तेव्हा लालच हवा असं काही नाही, काळा, तपकिरी, पांढरा किंवा दोन रंगांचे पट्टे, काहीही चालतं. घोड्याचे केस मिळायला महाग आणि अवघड, मी घायपाताचा वाख घेतला, दोरवाल्यांकडे किलोवर मिळतो, एका तुऱ्याला पाव किलो पुरतो. आधी साबणाच्या पाण्यात धुवा, नाहीतर रंग धरत नाही, मग कापडाच्या रंगात उकळा आणि सावलीत वाळवा. आमच्यातल्या एकीने नायलॉनचे केस लावून बघितले, लाइटखाली ते प्लास्टिकसारखे चमकतात.

बैठक १२ मिमी प्लायची, शिरस्त्राणाच्या माथ्याची वक्रता कागदावर उतरवून तसा कापलेला चंद्रकोरीसारखा तुकडा, कपाळाच्या वरून मानेपर्यंत, दोन तुकडे शेजारी चिकटवा म्हणजे जाडी २४ मिमी होते. वरच्या कडेवर ५ मिमीची भोकं, दोन रांगा, प्रत्येक भोक एक सेंमीवर, आरपार खालपर्यंत. आता ब्रश करतात तसं, वाखाची २४ सेंमी लांब, काडीएवढी जुडी घ्या, मध्यावर दुमडा, खालून वर आलेल्या मजबूत दोऱ्याच्या फासात ती घडी अडकवा आणि दोरा खालून ओढा, जुडी भोकात घट्ट बसते. पुढच्या भोकाला तोच दोरा. हे करताना बोटं कापतात, टेप गुंडाळा. मागच्या शेवटच्या तीन-चार भोकांत वाख दुप्पट-तिप्पट लांबीचा लावा, ती शेपटी पाठीवर खांद्यांच्या मध्ये लोंबली पाहिजे. सगळं झालं की खालून फेविकॉल भरून एक दिवस ठेवा, मग कंगव्याने विंचरा आणि कात्रीने वरची रेघ सारखी करा. कापताना हात आखडता ठेवा, कारण टूथब्रशसारखा ताठ तुरा हा सगळ्यात कॉमन दोष आहे. स्पार्टाचा कवी तिर्तायस सैनिकाला सांगतो की डोक्यावरचा तो भयंकर तुरा हलव, आणि होमरमध्ये ट्रॉयचा वीर हेक्टर बाळाला घ्यायला हात पुढे करतो तर ते लेकरू वडिलांच्या डोक्यावर डुलणारा तुरा बघून रडत दाईच्या कुशीत शिरतं, तेव्हा हेक्टर हसतो आणि शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो. मान हलवल्यावर तुरा हलला नाही तर अजून विरळ करा.

बैठकीच्या दोन्ही बाजूंना चौकटीची किंवा नागमोडी नक्षी रंगवा, भांड्यांवर ती सर्रास दिसते. उंच तुरा हवा असेल तर बैठकीखाली आधार लागतो, त्यातही लोकांनी हौस केलीय, सिफ्नोस बेटवाल्यांनी डेल्फीला बांधलेल्या खजिन्याच्या इमारतीवर कँथारोस नावाच्या राक्षसाच्या तुऱ्याला चक्क कँथारोस म्हणजे दोन कानांच्या पेल्याचा आधार कोरलाय. तीन तुरे लावायचे असतील तर ते अधिकाऱ्याला द्या, विनोदी नाटककार अरिस्टोफेनीस तसंच म्हणतो. कानापासून कानापर्यंत आडवा तुराही आहे, अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ म्युझियममधल्या झग्यात गुंडाळलेल्या योद्ध्याच्या छोट्या काशाच्या मूर्तीवर.

बसवताना हॉट ग्लूवर विश्वास ठेवू नका. तालमीत आमचा एक तुरा नटाने मान झटकली तेव्हा उडून पहिल्या रांगेत पडला. पुढे एक आणि मागे एक, असे दोन एम४ बोल्ट शिरस्त्राणातून आरपार, आतून मोठा वॉशर आणि विंग नट, वर फोमचा तुकडा म्हणजे डोक्याला टोचत नाही. खऱ्या शिरस्त्राणांवरही पुढेमागे हुक किंवा खिळे दिसतात, तुरा काढता-घालता येत असे. आणि हनुवटीचा पट्टा घालाच, पण ओढला तर सुटेल असा, वेल्क्रोचा. इलियडमध्ये मेनेलॉस पॅरिसला तुऱ्याला धरून फरफटत नेतो आणि पट्टा गळ्यात रुततो, अफ्रोडाइटी देवीने तो तोडला म्हणून पॅरिस वाचला. मारामारीच्या प्रसंगात कुणीतरी तुरा धरतोच धरतो.

प्रयोग झाला की ढाली भिंतीला टेकवून ठेवू नका, काठ वाकतो. जुन्या चादरीची गोल खोळ शिवा, नाडीची, आणि खिळ्याला टांगा. अथेन्समध्येही ढालींना खोळ असायची, अरिस्टोफेनीसच्या नाटकात सेनापती लॅमाकोस तणतणत येतो ते असंच विचारत, माझ्या गॉर्गनला खोळीतून उठवलं कुणी म्हणून. त्याच नाटकात पुढे तो तुऱ्यांची पेटी मागवतो आणि उघडून बघतो तर कसरीने केस खाल्लेत की काय अशी त्याला शंका येते. घोड्याचे खरे केस वापरले असतील तर पेटीत डांबराच्या गोळ्या टाका. वाखाला कसर लागत नाही पण पावसाळ्यात बुरशी धरते, जून लागायच्या आत एकदा कडक ऊन दाखवून, विंचरून, वर्तमानपत्रात सैल गुंडाळून माळ्यावर ठेवा, शेपटी दुमडू न देता.